लोहाराची कानस आणि कुलपाची कळ

‘कुलूप’ हा शब्द मुळात आपला नव्हे. अरबीतील ‘कुफ्ल’ फारशीच्या वाटेने मराठीत उतरला आणि मराठी जिभेवर उलटापालट होऊन ‘कुलूप’ झाला. ‘चावी’ पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. ‘किल्ली’चे मूळ मात्र संस्कृत ‘कील’, म्हणजे खिळा, यात आहे आणि ‘टाळे’ हे ‘तालक’ या संस्कृत शब्दाचे मराठी रूप आहे. दार आतून लावण्याची साधने, म्हणजे अडसर, आगळ, खिट्टी, कडी आणि कोयंडा, ही सारी नावे घरची वाटतात. दार बाहेरून लावून निघून जाण्याच्या साधनांची काही नावे मात्र परकी आहेत. यावरून फार मोठा सिद्धांत मांडण्याचे कारण नाही. तथापि ज्याच्या घरी सदैव कोणीतरी असे, त्यास कुलपाची गरज थोडी होती, एवढे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

प्रस्तुत लेखाचा विषय कुलूप नव्हे, तर किल्लीवाचून कुलूप उघडणारी पोलादाची बारीक, टोकाशी वाकविलेली पट्टी हा आहे. लेखापुरते तिला आपण ‘आकडा’ म्हणू. हा विषय समाजाच्या स्मरणिकेत कशास, असा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, आपल्या घराण्यांतील काही तरुण हल्ली हा आकडा केवळ छंद म्हणून हाताने घडवितात. कोणी कारखान्यात नोकरीस आहे, कोणी शाळेत शिकवितो. सायंकाळी घरी आल्यावर मोडलेल्या करवतीच्या पात्यातून ते आकडे काढतात, कानशीने घासतात, आरशासारखे झळकवितात आणि मित्रांस दाखवितात. ‘लोहाराच्या पोराने चोराची हत्यारे करावी काय?’ असे त्यांच्या पाठीमागे बोलले जाते. एकदोन घरी यावरून पितापुत्रांत अबोला धरला गेल्याचेही कानी आले आहे. तेव्हा या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे अस्थानी होणार नाही.

आपला यवतमाळ जिल्हा पूर्वी ‘वणी जिल्हा’ या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्यास आजचे नाव मिळाले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, त्यावेळी व त्यानंतरही पुष्कळ काळ खेड्यातील खाती किंवा लोहार हा बलुतेदारच होता. नांगराचा फाळ भरणे, वखराची व डवऱ्याची पास पाजविणे, विळे, कुऱ्हाडी, गाडीच्या धावा ही त्याची मुख्य कामे. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात लोहार, खाती, घंट्रा, घिसाडी व पांचाळ यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे. ते वर्गीकरण आपणां सर्वांस मान्य होईलच असे नाही, पण ऐरण, भाता आणि घण या तीन गोष्टी सर्वांच्या अंगणात समान होत्या यात संशय नाही.

अशा लोहाराच्या हातून घडणारी जुनी देशी कुलपे दोन तऱ्हांची असत. पहिलीत आकड्याच्या दांड्यास आतून पोलादाच्या फाकलेल्या पट्ट्या जडविलेल्या असत. दांडा आत रेटला की पट्ट्या फाकून अडकत. किल्ली सरकविली की त्या दाबल्या जाऊन दांडा सुटे. दुसरी तऱ्हा पेचाच्या कुलपाची. तिच्या किल्लीस मळसूत्राप्रमाणे आटे असत. किल्ली फिरवीत आत न्यावी लागे आणि ती कमानीच्या जोराविरुद्ध खिट्टी ओढून घेई. दोन्ही प्रकारांत किल्ली हीच खरी कारागिरी. वितळलेल्या धातूचा साचा नाही, मोजमापाचे यंत्र नाही. डोळ्याचा अंदाज आणि कानशीचा हात एवढ्यावर सर्व भिस्त. अशा कुलपाची किल्ली हरवली म्हणजे मालक पुन्हा त्याच लोहाराकडे येई. ज्याने कळ बसविली त्यासच ती सोडविता येते, हे गावास ठाऊक होते आणि त्यात कोणास वावगे वाटत नव्हते. कुलूप करणारा आणि कुलूप उघडणारा हे दोन निराळे इसम आहेत ही कल्पना नंतरची आहे.

मग कापसाचा पैसा आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास विलायतेत मागणी वाढली. पुढे जिनांच्या व दाबगिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ती लहान मापाची आगगाडी धावू लागली, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. (ती गाडीही आता बंद पडली आहे.) सावकाराची तिजोरी, अडत्याची वखार, जिनाचे गोदाम या सर्वांस कुलूप हवे होते, आणि खेड्यातील लोहार ते तितक्या संख्येने व तितक्या स्वस्तात देऊ शकत नव्हता. ती गरज बाहेरच्या मालाने भागविली. अलीगढ येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलपांचा धंदा वाढला. १८९७ मध्ये आर्देशीर गोदरेज या वकिली सोडून दिलेल्या पारशी गृहस्थाने मुंबईत लालबागेस कुलपांचा कारखाना काढला. तिकडे दक्षिणेत दिंडिगलचे कारागीर मात्र हाताने कुलपे करीतच राहिले आणि २०१९ मध्ये त्यांच्या कुलपास भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे तसे घडले नाही. आपल्याकडील लोहाराच्या वाट्यास उरली ती दुरुस्ती, आणि हरवलेल्या किल्लीपायी अडलेल्या माणसाचे दार उघडून देणे.

येथेच संशयाचा प्रवेश होतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक चारुदत्ताच्या घरास भगदाड पाडतो, तेव्हा मापाची दोरी विसरल्यामुळे गळ्यातील जानवेच उपयोगात आणतो आणि यंत्राने घट्ट बसविलेले दार उघडण्यासही ते कामी येते अशी त्याची थोरवी गातो. तो शर्विलक काही लोहार नव्हता! परंतु इंग्रजी अमलात १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने माणसास जन्मावरून चोर ठरविण्याची जी दुष्ट रीत पाडली, तिची झळ गावोगाव पाल ठोकून फिरणाऱ्या निरपराध कारागिरांसही लागल्यावाचून राहिली नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. दृष्टी मात्र एका दिवसात रद्द होत नसते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या भीतीचे मूळ यात आहे, आणि त्या भीतीस हसणे योग्य नव्हे.

आता दुसरी बाजू पाहू. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा या मूळच्या सुताराने १७८४ मध्ये एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. ते कुलूप अचूक व पुष्कळ संख्येने घडविण्यासाठी लागणारी यंत्रे हेन्री मॉड्स्ले याने तयार केली. हा मॉड्स्ले पोरवयात वुलविचच्या शस्त्रागारात लोहारकाम शिकलेला. पुढे ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगले गेले आणि जो कोणी ते उघडण्याचे हत्यार करील त्यास दोनशे गिनी मिळतील, अशी पाटी लावली गेली. साठ वर्षे कोणास यश आले नाही. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनास अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स आला. त्याने प्रथम चब यांचे प्रसिद्ध कुलूप साक्षीदारांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडले आणि मग ब्रामाच्या कुलपाशी सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास झुंज देऊन तेही उघडले. लंडनमध्ये एकच हलकल्लोळ झाला. ही विद्या उघड करणे म्हणजे चोरांस शिकविणे, असा आक्षेप निघाला. त्यास चार्ल्स टॉमलिन्सन यांच्या संपादनाखाली १८५३ मध्ये निघालेल्या कुलपांवरील पुस्तकात उत्तर दिले आहे. त्याचा भावार्थ असा की, चोर आपल्या धंद्यात आपणांहून हुशार असतात. अज्ञान राहते ते प्रामाणिक गिऱ्हाइकाचे. परिणाम काय झाला? कुलपे सुधारली. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ व १८६५ मध्ये पेटंट घेतलेले, लहानमोठ्या खिट्ट्यांच्या जोड्या असलेले नळीचे कुलूप आज घरोघरच्या दारांत आहे.

छंद म्हणून हे काम करणाराही जगात आपलाच तरुण पहिला नव्हे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई यास कुलपे घडविण्याचा नाद होता. व्हर्साय येथील राजवाड्यात त्याची स्वतःची भट्टी होती आणि गामँ नावाचा लोहार त्याचा शिक्षक होता. पुढे क्रांतीच्या धामधुमीत, राजाने भिंतीत बसवून घेतलेल्या लोखंडी कपाटाचे गुपित १७९२ मध्ये याच गामँने फोडले. त्यातील कागदपत्रे खटल्यात राजावर उलटली. राजाचे वर्तन कसेही असो, लोहाराने गिऱ्हाइकाच्या तिजोरीचे गुपित बाहेर सांगितले ही गोष्ट आमच्या मनास आजही खुपते. अलीकडच्या काळात, १९९७ साली, जर्मनीत कुलपे उघडण्याचा खेळ खेळणाऱ्यांची एक रीतसर संस्था निघाली. स्वतःच्या मालकीचे कुलूप किंवा मालकाच्या परवानगीचे कुलूप, याखेरीज हात लावावयाचा नाही, हा त्या खेळाचा मुख्य नियम. आपल्या वाडवडिलांच्या दुकानी हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. पण घरधनी हजर असल्याशिवाय पेटीस हात न लावणारे आणि शंका आल्यास पोलीस पाटलास बोलावून आणा असे सांगणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण वडील मंडळींनी ते एकवार पाहावे अशी आमची इच्छा आहे. करवतीचे जुने पाते शेगड्यात धरून त्याचे दात प्रथम घासून काढतात. मग आकृती आखून हळूहळू कड उतरवितात. घाई केली की पाते तापते, आणि साध्या पोलादावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटी निळा रंग चढतो. त्याच्याही पुढे गेले की दिलेले पाणी उतरून पोलाद नरम पडते आणि टोक पहिल्याच दाबास वाकते. म्हणून जाणता माणूस दर थोड्या वेळाने पाते पाण्यात बुडवितो. हे तरुणांस कोणी शाळेत शिकविले नाही; आजोबांच्या भात्यापाशी बसून जे कानी पडले तेच हे ज्ञान. त्यानंतर मऊ कानस, मग जाड खरकागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. हा शेवटचा भाग केवळ शोभेचा आहे असे समजू नये. कुलपाच्या आतील खिट्ट्या पितळेच्या व अतिशय हलक्या असतात. त्यांची जराशी हालचाल पोलादातून बोटास कळावी लागते. आकड्यावर कानशीचा एक जरी ओरखडा राहिला तरी तो खिट्टीस अडखळतो आणि बोटास खोटी खबर देतो. म्हणून कडा गोलावून, धार मारून, चेहरा दिसेपर्यंत घासावे लागते. एका आकड्यास दोन-तीन सायंकाळी सहज जातात. बाजारात तयार आकडे मिळत असता ही मंडळी इतके श्रम का घेतात, याचे उत्तर ज्याने आयुष्यात एकदा तरी चांगली पास पाजविली आहे त्यास विचारण्याची जरुरी पडणार नाही.

कायद्याविषयी दोन शब्द तरुणांसाठी. आपल्या राज्यास लागू असलेल्या १९५१ च्या पोलीस अधिनियमाप्रमाणे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घरफोडीचे साधन सबळ कारणावाचून जवळ बाळगलेले आढळणे हा अपराध आहे. तेव्हा आकडे घरातील पेटीतच ठेवावे. खिशात घालून रात्री बाजारात मिरविण्याची ती वस्तू नव्हे. दुसऱ्याच्या कुलपावर हात चालवून पाहू नये, मित्राने पैज लावली तरीही. आणि वडिलांनी विचारले असता लपवू नये. शेगड्यापाशी बोलावून दाखवावे.

वडिलांस आमची विनंती निराळी आहे. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड, केळापूर या भागांतील आपल्या कित्येक घरी पेचाची किंवा पट्ट्यांची जुनी कुलपे अजून माळ्यावर पडून असतील. भंगारवाला त्यांचे वजनावर पैसे देतो. मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक कुलपाविषयी चार गोष्टी कागदावर उतरवून ठेवाव्या : ते लोखंडी की पितळी, किल्ली रेटावयाची की फिरवावयाची, कोणाच्या दारास होते, आणि घरात ते कोणी घडविल्याचे सांगतात. किल्ली हरवली असल्यास कुलूप फोडू नये. घरात वर सांगितल्यापैकी एखादा तरुण असेल तर ते त्याच्या हाती द्यावे आणि तो उघडीत असता जवळ बसावे.