भिंतीतलं भोक आणि कपाटाची किल्ली

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९९ सालच्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवण्यात आला. भिंतीच्या अलीकडे एनआयआयटी या संगणक शिक्षण देणाऱ्या कंपनीचं कार्यालय, पलीकडे झोपडवस्ती. संगणकाचा पडदा वस्तीकडे तोंड करून होता. इंटरनेट जोडलेलं होतं, पण कळफलक नव्हता. पडद्यावरचा बाण हलवण्यासाठी बोट फिरवायची सोय, एवढंच. कशाला हात लावा, कशाला लावू नका, अशी पाटी नव्हती. शिक्षक नव्हता आणि फीही नव्हती. सुगत मित्रा हे त्या कंपनीतले शास्त्रज्ञ. मुलं काय करतात ते त्यांना पाहायचं होतं.

मुलं जमली. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं, ज्यांतली कित्येक शाळेतही धड जात नव्हती, अशा मुलांनी थोड्याच दिवसांत तो बाण कुठे न्यायचा, कुठे टिचकी मारायची हे एकमेकांना दाखवलं. बाणाला कर्सर म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला 'सुई' म्हटलं. संगणक विचारात पडला की पडद्यावर वाळूचं घड्याळ येई, त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'डमरू'. मला विचाराल तर ही दोन्ही नावं मूळ नावांपेक्षा चांगली आहेत. कळफलक नसताना अक्षरं कशी लिहायची, तेही त्यांनी शोधलं. विंडोजमध्ये सगळी अक्षरं दाखवणारा एक तक्ता कुठेतरी आत दडलेला असतो. तो उघडून एकेक अक्षर उचलायचं आणि शब्द जुळवायचा. संगणक वापरणाऱ्या कित्येक मोठ्या माणसांना आपल्या यंत्रात असा तक्ता आहे हे ठाऊकही नसतं.

या प्रयोगाची बातमी मी वाचली तेव्हा शाळेत शिकवत होतो, आणि मला पहिल्यांदा आठवलं ते आमच्या शाळेतलं कपाट. त्या कपाटात दूरचित्रवाणी संच होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असे. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी बैठकीला गेले, की त्या दिवशी कार्यक्रम नाही. पुढे संगणक आला, तेव्हा त्याला खोली मिळाली, खोलीला पडदे मिळाले, यंत्राला कापडी आच्छादन मिळालं आणि मुलांना दाराबाहेर चपला काढून आत जाण्याचा नियम मिळाला. देवघर आणि संगणक कक्ष यांत फार फरक नव्हता. यात कुणा एकाचा दोष नव्हता. वस्तू महाग होती, बिघडली तर दुरुस्तीचे पैसे नव्हते आणि दप्तरी नोंदीत तिच्यापुढे मुख्याध्यापकांची सही होती. ज्याची सही, त्याची जबाबदारी, त्याचीच किल्ली.

आपल्या देशात शाळेत यंत्र आणण्याचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्यात ही किल्ली पुन:पुन्हा भेटते. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत 'साइट' नावाचा उपग्रह प्रयोग झाला. अमेरिकेच्या 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्रातली खेडी त्यात नव्हती. या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. केवळ मुलांना चित्रं दाखवून न थांबता, त्या वर्षभरात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांच्या साहाय्यानं देण्यात आलं. चित्र संपल्यावर वर्गात जो उरतो तो शिक्षक, हे त्या मंडळींनी ओळखलं होतं. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला.

त्यानंतर आला संगणक. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढली आणि सुमारे २५० माध्यमिक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. शिक्षकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. शाळा कितीशा, मुलं किती आणि यंत्रं किती, याचा हिशेब मांडला तर एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून किती मिनिटं आली असतील हे सांगायला गणितज्ञ नको. त्याच वर्षी, १९८४ साली, पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे मराठी कार्यक्रम पाहिलेली पिढी आज पन्नाशीकडे आली आहे आणि त्यांतली गाणी अजून गुणगुणते. ती संस्था २०१७ साली बंद झाली. तेव्हा हळहळ पुष्कळांना वाटली, पण ती वाचली मात्र नाही.

अशा या पार्श्वभूमीवर भिंतीतलं भोक वेगळं होतं. त्याला कपाट नव्हतं. आणि ते दिल्लीतच राहिलं नाही. थोड्याच वर्षांत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, शिरगावसारख्या गावांत, असे संगणक बसले. यांची रचना मुद्दाम मुलांच्या उंचीची केलेली होती, म्हणजे मोठ्या माणसाला तिथे रेंगाळणं अवघड जावं. या कोकणातल्या मुलांचा अभ्यास परिमला इनामदार यांनी केला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. आठवीच्या संगणक विषयाची परीक्षा त्यांनी या मुलांना दिली. विषय कोणी शिकवला नव्हता, तरी त्यातलं बरंच त्यांना जमलं. कोकणातल्या पोरांना हे जमलं याचं मला नवल वाटलं नाही, पण परीक्षेच्या कागदावर ते उमटलं याचा आनंद झाला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मित्रांना २०१३ साली दहा लाख डॉलरचं 'टेड' पारितोषिक मिळालं आणि ही गोष्ट जगभर गेली. मुलांना शिक्षक लागतच नाही, असाही अर्थ तिच्यातून काहींनी काढला. सरकारांना हा अर्थ आवडण्याजोगा असतो, कारण शिक्षकाला पगार द्यावा लागतो आणि भिंतीला द्यावा लागत नाही. म्हणून गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे.

मार्क वॉर्शाॅअर या अमेरिकी अभ्यासकानं दिल्लीतल्या अशा ठिकाणी जाऊन पाहिलं. २००२ साली त्यांनी लिहिलं, की इंटरनेट बहुतेक वेळ बंदच असे, हिंदीत शिकण्यासारखं काही त्यावर नव्हतं, आणि मुलं मुख्यत: चित्रं काढत आणि खेळ खेळत. आईबापांचंही मत दुभंगलेलं होतं. कुणाला कौतुक, तर कुणाला वाटे की आधी बरा अभ्यास करणारा पोरगा आता रिकामा वेळ सगळा तिथेच घालवतो. पुढे पायल अरोरा या संशोधिका हिमालयाच्या कुशीतल्या अलमोडा आणि हवालबाग इथली ठिकाणं पाहायला गेल्या, तर तिथे ते संगणक केव्हाच बंद पडलेले होते. २०१० साली त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: ज्याचा कोणी मालक नाही, त्याची काळजी कोण घेणार? शिवाय, मोकळ्या जागी ठेवलेल्या एका यंत्रापुढे कोण उभं राहतं? ज्याच्या कोपरात जोर आहे तो. थोराड मुलगे पुढे, लहान मुलं मागे आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी सगळ्यांत मागे. कपाटाची किल्ली खिशात नसली तरी ती कोपरात असू शकते.

यावर उपाय म्हणून, प्रत्येक मुलाच्या हातात स्वत:चं यंत्र द्या, असं म्हणणारेही होते. मुलांनी संगणकाला हुकूम द्यावा, संगणकानं मुलांना नव्हे, हा विचार सीमोर पेपर्ट यांनी १९६० च्या दशकापासून मांडला होता. त्यातूनच पुढे निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. भारत सरकारनं २००६ मध्ये ही कल्पना नाकारली, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, एका एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांच्या हातात ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. आपल्याकडे ते वाढले नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं मात्र आठ लाखांहून अधिक घेतले. तिथल्या ३१९ शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा, की मुलं संगणक वापरायला शिकली, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी पुढेही गेली, पण गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही.

मग मुलं शिकली कुठे? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर मित्रांच्याच एका पुढच्या प्रयोगात आहे, आणि गंमत अशी, की भिंतीच्या गोष्टीइतकं ते गाजलं नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कालिकुप्पम नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांपुढे त्यांनी संगणकावर, इंग्रजीत, रेणवीय जीवशास्त्र ठेवलं. आपलं आपण वाचून मुलं काही पायऱ्या चढली आणि तिथे अडली. मग त्यांच्या ओळखीच्या एका तरुणीला सांगण्यात आलं, की तू फक्त त्यांच्या मागे उभी राहा. तिला जीवशास्त्र येत नव्हतं. तिनं आजीसारखं वागायचं होतं: 'अरे वा, हे काय आहे? कसं कळलं तुला? पुढे काय होतं?' एवढंच. मुलं आणखी वर चढली, आणि दिल्लीतल्या चांगल्या खासगी शाळेत हा विषय शिकलेल्या मुलांच्या बरोबरीला आली. हा निबंध २०१० सालचा. त्याच्या शीर्षकात 'मर्यादा' हा शब्द आहे, हे त्यांचं कौतुक सांगणाऱ्यांनी सहसा सांगितलं नाही.

आपल्या राज्यात २०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्गांची लाट आली. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, टॅब घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडला, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते कोड आले आणि २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. वर्गणी देणाऱ्या गावांचं मला खरंच अप्रूप आहे. पण अशा अनेक वर्गांत मी जाऊन बसलो आहे आणि तिथे एक गोष्ट मोजायची सवय मला लागली आहे. पाऊण तासात फळ्याला हात कितीदा शिक्षकाचा लागला आणि कितीदा मुलाचा? 'असर' अहवालासाठी हा आकडा कोणी गोळा करत नाही. करावा.

मग मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि सगळा देश एकदम डिजिटल वर्गात जाऊन बसला. म्हणजे बसला असं म्हणायचं. त्या वर्षीच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण साडेछत्तीस टक्के होतं. वाढ मोठीच. पण घरी फोन असणं म्हणजे मुलाच्या हाती फोन असणं नव्हे. फोन बापाचा. बाप कामावर गेला की फोन गेला. रात्री तो परत आला, की थोरल्या भावाची बारावी आधी. कपाट गेलं, भिंत गेली, आणि किल्ली पुन्हा एका खिशात जाऊन बसली. तीन बहिणींत मिळून एक फोन अशी घरं मी त्या काळात पाहिली, आणि त्यांतली सर्वांत धाकटी काय शिकली असेल हा विचार अजून डोक्यातून जात नाही. ती मुलगी आज शाळेत वरच्या वर्गात आहे. तिची ती दोन वर्षं तिला कोणी परत दिलेली नाहीत.

त्याच काळात पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी गावांत, जिथे फोनला रेंजच नव्हती, ध्वनिमुद्रित धडे कर्ण्यावरून ऐकवले जाऊ लागले. मुलं मोकळ्या जागी अंतर राखून बसत आणि कर्ण्यातल्या आवाजाला उत्तरं देत. 'बोलकी शाळा' असं तिचं नाव पडलं. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटला, तर आपण समजून घ्याल.

आणि सोलापुरात पुन्हा भिंतच उपयोगाला आली. नीलमनगर हा कामगारांचा भाग. पुष्कळ घरांत स्मार्टफोन नव्हता. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या, शेकडो भिंती, आणि पहिलीपासून दहावीपर्यंतचे धडे त्यांवर उतरवले. कुठे मुळाक्षरं, कुठे व्याकरण, कुठे गणिताची सूत्रं. अक्षरं ठळक होती, मुलाच्या नजरेच्या उंचीवर होती आणि रात्रीसुद्धा तिथेच असत. मुलं वह्या घेऊन भिंतीपाशी थांबत, आणि ज्यांच्या दारात ती थांबत त्या घरातली माणसं आपलं काम करता करता त्यांच्याकडे पाहत असत.