बियाण्याची ज्वारी आणि फाइलींची प्रत

आपल्या बार्शीटाकळी भागात बचत गटाचा हिशेब आता वहीसोबत कॉम्प्युटरवरही चढतो. कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, बिलं, लेकरांचे दाखले, सगळं त्यात असतं. या फाइलींना बाहेरूनच कुलूप ठोकायचं आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, असा एक धंदा जगात चालतो. कुलूप ठोकणाऱ्या त्या प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी.

याची सुरुवात जुनी आहे. डिसेंबर 1989 मध्ये एड्स रोगाची माहिती म्हणून सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने देशोदेशी गेल्या. ती फ्लॉपी घातलेला कॉम्प्युटर पुढे 90 वेळा सुरू झाला, की फाइलींची नावं बिघडायची आणि पडद्यावर मागणी यायची: पनामा देशातल्या पत्त्यावर 189 डॉलर पाठवा.

पुढे इंटरनेट आलं आणि टपालाची गरज उरली नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा प्रोग्राम 150 देशांत पसरला. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांच्याकडे तो घुसला.

लगेच 27 जून 2017 ला नॉटपेट्या आला. त्याने मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीला गाठलं आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचं काम अडलं. तो 300 डॉलर मागत होता, पण पैसे भरूनही फाइली परत मिळणार नव्हत्या. कंपनीला 45,000 कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले.

ज्या मुख्य नोंदीवर कंपनीचं सारं जाळं चालायचं, तिच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या. पण सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून एकदमच गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तिथे तेव्हा लाइट गेली होती! तो कॉम्प्युटर बंद होता, म्हणून रोग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

मार्च 2021 मध्ये आपल्या एमआयडीसीच्या सर्व्हरवरही असा हल्ला झाला. फाइलींच्या प्रती वेगळ्या जाळ्यात ठेवल्यामुळे त्या वाचल्या, असं महामंडळाने सांगितलं.

बायांनो, हे शहाणपण आपल्याला नवं नाही. खायची ज्वारी वेगळी आणि बियाण्याची वेगळी, हे आपल्या सासवा-आज्यांनी कायम पाळलं. कोठीला कीड लागली तरी पेरणी अडू नये म्हणून.

गटानेही तेच करावं. महिन्याच्या बैठकीला हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो काढून गटाच्या पेटीत ठेवा. कॉम्प्युटरला लावूनच ठेवला, तर त्यालाही कुलूप लागेल. प्रत उघडते का, तेही पाहा. अपडेट आलं की घ्या. अनोळखी लिंक किंवा फाइल उघडू नका. फाइली अचानक उघडेनाशा झाल्या आणि पैशाची मागणी दिसली, तर आधी इंटरनेट तोडा, पैसे देऊ नका आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

आणि हिशेबाची वही बंद करू नका. तिला बाहेरून कुलूप लावणारा अजून जन्मायचा आहे.