चामखीळ कधीची, दोष कुणाचा?

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजचा विषय घरात कुणी मोठ्याने बोलत नाही: गुप्तांगावरच्या चामखिळी.

मागे एका मित्राचा रात्री उशिरा फोन आला. त्याच्या परवानगीनेच सांगतोय. डॉक्टरांनी निदान केलं होतं, औषधही दिलं होतं. त्याला छळत होता वेगळाच प्रश्न. "बायकोने फसवलं का रे मला?"

मी म्हटलं, थांब, आधी इतिहास ऐक.

१९०७ साली इटलीच्या चुफो या डॉक्टरने चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणूसुद्धा अडकावेत. तरी त्या अर्काने नवी चामखीळ उठलीच! म्हणजे कारण जिवाणूहून लहान, विषाणू.

गुप्तांगावरच्या चामखिळी शरीरसंबंधातून पसरतात, हे ठामपणे मांडायला १९५४ उजाडलं. कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या झाल्या होत्या. काही आठवड्यांनी त्यांच्या बायकांनाही झाल्या.

१९८०च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने एचपीव्हीचे प्रकार वेगळे केले. चामखिळी बहुतेक ६ आणि ११ मुळे होतात, गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः १६ आणि १८ मुळे. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता मित्राचं उत्तर. हा विषाणू काही महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. त्यामुळे चामखीळ आज दिसली म्हणून संसर्ग आजचा नसतो. तो लग्नाआधीचा असू शकतो, तिचा किंवा त्याचाही. चामखीळ पाहून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

मग टाळायचं कसं? कंडोमने धोका कमी होतो, पण झाकली न गेलेली त्वचा उरतेच. खरी ढाल म्हणजे लस, तीही शरीरसंबंध सुरू होण्याआधी. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत तिथल्या लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये एकविशीच्या आतल्या मुलींमधल्या चामखिळी ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. लस न घेतलेल्या तरुण मुलांमध्येही घटल्या! आपल्या पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, आणि ती या चारही प्रकारांवर आहे.

आधीच झालेल्या चामखिळी मात्र लसीने जात नाहीत. त्यासाठी डॉक्टर गाठा. घरी चुना-ॲसिडचे प्रयोग नकोत.

मित्र आणि वहिनी दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊन आले. फोन बायकोवर संशय घेऊन केला होता, पण दवाखान्यात तिच्यासोबत गेला. मला तेवढं पुरे.

भेटू पुढच्या भागात!