म्हात्रे

म्हात्रे : उत्तर कोकणातील एक आडनाव. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांत ते दाट आढळते आणि घाट चढून गेले की विरळ होते. आगरी समाजात ते सर्वांत ठळक दिसते, पण कोळी आणि पाचकळशी समाजांतही म्हात्रे आहेत. त्यामुळे आडनावावरून जात ठरवणे किंवा दोन म्हात्रे म्हणजे एका घरातले समजणे, दोन्ही फसवे आहे. पुढे ज्यांची ओळख दिली आहे त्यांतही आडनावापलीकडे नाते गृहीत धरू नये.

हे आडनाव मुळात हुद्दा आहे. जुन्या ताम्रपटांत गावातल्या प्रमुख मंडळींना 'महत्तर' म्हणत. 'म्हातारा' हा आपला रोजचा शब्दही तिथूनच आला. उत्तर कोकणात म्हातरा हा पाटलाच्या जोडीने गावाचा कारभार पाहणारा माणूस. वय झालेलाच असावा असे नव्हे, शब्दाला वजन असलेला असला की पुरे. घराण्यात काम पिढीजात झाले आणि पुढे काम सुटले तरी नाव राहिले. पाटील, देसाई, चौगुले, कुळकर्णी यांचेही असेच झाले. फरक एवढाच की पाटील म्हटले की महाराष्ट्रभर अर्थ कळतो. म्हात्रे या नावामागचा हुद्दा मात्र खुद्द म्हात्र्यांनाही आता ठाऊक असतोच असे नाही. साष्टी, माहीम आणि वसईकडील या गावगाड्याचा अभ्यास करणाऱ्याला वि. का. राजवाडे यांनी १९२४मध्ये छापलेली 'महिकावतीची बखर' टाळता येत नाही. तिच्यातील वंशावळींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, पण वतने आणि गावे यांचा एवढा जुना मराठी ऐवज या किनाऱ्यावर दुसरा नाही.

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीला टेकून असलेले मीरा-भाईंदर हे या आडनावाच्या पट्ट्यातलेच शहर. आज ते उंच इमारतींचे आणि देशभरातून आलेल्या लोकांचे शहर म्हणून ओळखले जाते. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. त्याच्या पोटात मात्र गावे आहेत : भाईंदर, मीरे, काशी, नवघर, गोडदेव, खारी, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, पाली, चौक. भातशेती, मासेमारी आणि मीठ या तीन गोष्टींवर ही गावे जगत. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानतात. भाईंदर स्टेशनच्या आसपासची मिठागरे लोकलच्या खिडकीतून दिसत. मुंबईत नोकरीला जाणाऱ्या अनेक पिढ्यांना हे गाव तेवढ्यापुरतेच माहीत होते.

१९८५च्या १२ जूनला ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. महापौरांची यादी वाचली तर शहराचा इतिहासच आडनावांतून वाचल्यासारखे होते. पहिल्या महापौर मायरा मेंडोन्सा. पुढे नरेंद्र मेहता, त्यांच्यानंतर तुळशीदास म्हात्रे, मग कॅटलिन परेरा, गीता जैन, डिंपल मेहता, ज्योत्स्ना हसनाळे. मेहता आणि जैन ही नावे गेल्या काही दशकांत वाढलेल्या गुजराती-राजस्थानी वस्तीची साक्ष देतात. मेंडोन्सा आणि परेरा बाहेरून आलेली वाटतात, पण नावे बाहेरची, माणसे इथलीच. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. या दोनशे वर्षांत ज्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना पोर्तुगीज आडनावे मिळाली आणि शेजारच्या घरांत जुनी नावे चालू राहिली. उत्तन-डोंगरीकडचा मेंडोन्सा आणि राई-मुर्ध्याकडचा म्हात्रे यांच्यात बोली, मासळी आणि खाजणजमीन सारखीच, फरक पडला तो चर्च आणि देवळाचा. तुळशीदास म्हात्रे यांचे महापौरपद त्यामुळे शहराच्या राजकारणातील एक फेरी एवढेच नाही. गावकारभाऱ्याचे आडनाव असलेला माणूस त्याच गावांच्या महानगराच्या खुर्चीवर बसला. आमदारकीत मात्र हे आडनाव इथे अजून आलेले नाही. २००९मध्ये मीरा-भाईंदर मतदारसंघ नव्याने झाला तेव्हापासून गिल्बर्ट मेंडोन्सा, नरेंद्र मेहता, गीता जैन आणि २०२४मध्ये पुन्हा मेहता असे प्रतिनिधी निवडून आले.

या आडनावाला कलेच्या इतिहासात कायमची जागा मिळवून दिली ती शिल्पकार गणपतराव काशिनाथ म्हात्रे (१८७६–१९४७) यांनी. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत. विद्यार्थिदशेतच, १८९६च्या सुमारास, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' हा पूर्णाकृती पुतळा प्लास्टरमध्ये घडवला : देवदर्शनाला निघालेली नऊवारीतली तरुण स्त्री. पाश्चात्त्य पद्धतीने शरीररचनेचा अभ्यास, पण ल्यायलेले लुगडे, उभे राहण्याची ढब आणि चेहऱ्यावरचा भाव पूर्णपणे इथला. कलाशाळेत तोपर्यंत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या साच्यांवरून हात घासणे हेच शिक्षण होते, हे लक्षात घेतले म्हणजे विशीतल्या या विद्यार्थ्याने काय केले ते कळते. शिल्पाची छायाचित्रे इंग्लंडला गेली. भारतात ललितकला म्हणावी अशी गोष्टच नाही, असे मत बाळगणाऱ्या जॉर्ज बर्डवुड यांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यावर बंगालीत लिहिले. पुढे म्हात्र्यांना व्यक्तिशिल्पांची कामे भरपूर मिळाली. मुंबईतील न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा पुतळा आणि अहमदाबादचा राणी व्हिक्टोरियाचा पुतळा ही त्यांतली ठळक. 'रावबहादूर' ही पदवीही मिळाली. तरी खरे सांगायचे तर पुढची बहुतेक कामे गिऱ्हाइकाच्या मागणीची आहेत. हात सफाईचा, पण 'मंदिरपथगामिनी'तला ताजेपणा त्यांत क्वचितच दिसतो. संस्थानिक आणि सरकार हेच गिऱ्हाईक असलेल्या काळात शिल्पकाराने याहून वेगळे काय करायचे, हाही प्रश्नच आहे. पुढची पिढी घडली ती या पहिल्या शिल्पाकडे पाहत. विनायक पांडुरंग करमरकर आणि बाळाजी वसंत तालीम यांच्या यथार्थवादी मराठी शिल्पकलेचा पहिला मैलाचा दगड म्हणून तेच दाखवले जाते.

स्वातंत्र्यलढ्यातही हे आडनाव भेटते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात आठ सत्याग्रही मारले गेले. त्यांतले एक दिघोडे गावचे आलू बेमट्या म्हात्रे. हुतात्म्यांच्या यादीत त्यांच्या शेजारी कोळी, कातकरी, पाटील अशी नावे आहेत आणि तो सत्याग्रह कोणाचा होता हे यादीवरूनच समजते. मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही त्या दिवशी गोळी लागून मृत्यू झाला. आलू म्हात्रे यांचे चित्र, पत्र, भाषण असे काही हाताशी नाही. नाव आणि गाव एवढाच त्यांचा चरित्रग्रंथ.

पुण्यात एरंडवणे आणि नवी पेठ यांना जोडणारा मुठेवरचा म्हात्रे पूल रोज हजारो लोक ओलांडतात. त्यांतल्या बहुतेकांना तो कोणाच्या नावाचा हे ठाऊक नसते. कोणी कंत्राटदार असावा, कोणी नगरसेवक असावा, असे तर्क ऐकू येतात. तो रवींद्र हरेश्वर म्हात्रे यांच्या नावाचा आहे. ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे भारतीय परराष्ट्र सेवेच्या कार्यालयात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी काश्मीर लिबरेशन आर्मी या संघटनेने त्यांचे अपहरण केले. मागणी दुहेरी होती : दहा लाख पौंड आणि फाशीची शिक्षा होऊन तिहार तुरुंगात असलेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भट याची सुटका. मुदत दिली गेली ती इतकी तोकडी की वाटाघाटींना जागाच उरली नाही. काही दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह लेस्टरशायरमधील एका शेतरस्त्यावर सापडला. ११ फेब्रुवारीला भट याला फाशी देण्यात आली. वय वर्षे ४८, राजकारणाशी संबंध नाही, निर्णय घेण्याचा अधिकार नाही, असा हा अधिकारी दोन बाजूंच्या सौद्यातला मोहरा झाला. परदेशात कर्तव्यावर असताना मारल्या गेलेल्या भारतीय अधिकाऱ्यांच्या इतिहासात या घटनेचे स्थान मोठे आहे. मराठीत मात्र त्यावर फारसे लिहिले गेलेले नाही. पुलावर नाव देऊन आपण मोकळे झालो.

राजकारणात म्हात्रे आडनाव आजही जोरात आहे, आणि ते प्रामुख्याने सिडको, विमानतळ आणि गोदामांमुळे जमिनीचा प्रश्न पेटलेल्या पट्ट्यात. मंदा म्हात्रे या आधी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे विधान परिषदेत होत्या. पुढे भाजपमध्ये जाऊन त्या बेलापूर मतदारसंघातून २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीनदा विधानसभेवर निवडून आल्या. पहिल्या वेळी त्यांनी नवी मुंबईचे तेव्हाचे अनभिषिक्त सत्ताधीश गणेश नाईक यांना १,४९१ मतांनी हरवले आणि तिसऱ्या वेळी त्यांचे पुत्र संदीप नाईक यांना अवघ्या ३७७ मतांनी. दहा वर्षांच्या अंतराने बापलेकांना हरवण्याचा हा योग मराठी राजकारणात विरळाच. भिवंडीचे सुरेश गोपीनाथ म्हात्रे 'बाळ्यामामा' या नावानेच ओळखले जातात. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटातर्फे उभे राहून त्यांनी केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा पराभव केला. नवी मुंबई विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव देण्याच्या मागणीसाठी २०२५मध्ये भिवंडीहून निघालेल्या मोटार रॅलीत त्यांचा पुढाकार होता. पनवेलमध्ये जे. एम. म्हात्रे हे नगराध्यक्ष होते. त्यांचे पुत्र प्रीतम म्हात्रे यांनी २०२४मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे उरणची निवडणूक लढवली, पण त्यांना यश आले नाही. पक्ष वेगवेगळे, पण भूमिपुत्र, गावठाण, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळायचे साडेबारा टक्के भूखंड हे विषय सगळ्यांच्या भाषणात येतात. या भागात त्यांना टाळून मते मिळत नाहीत.

साहित्यात कवी अरुण म्हात्रे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. अरुण दाते यांनी गायलेल्या भावगीतामुळे त्यांचे शब्द ज्यांनी कवितासंग्रह कधी हातात घेतला नाही अशांपर्यंतही पोचले. काव्यवाचन आणि निवेदन यांमुळे गावोगावच्या मंचांवर ते परिचित आहेत. गायल्या गेलेल्या कवितेला समीक्षक जरा खालची पायरी देतात. हा पंक्तिप्रपंच मराठीत जुना आहे आणि अरुण म्हात्रे यांनाही तो भोवला. चंद्रकांत काळुराम म्हात्रे यांनी संत चोखामेळ्याच्या शंभर अभंगांचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

क्रिकेटमध्ये हे नाव अलीकडे देशभर पोचवले ते विरारकडच्या आयुष म्हात्रे याने. जन्म १६ जुलै २००७. ऑक्टोबर २०२४मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात तो मुंबईकडून प्रथम श्रेणीत उतरला आणि त्याच महिन्यात रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, नागालँडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात ११७ चेंडूंत १८१ धावा करून, या प्रकारात दीडशेचा टप्पा गाठणारा तो सर्वांत लहान वयाचा फलंदाज ठरला. तो विक्रम आधी यशस्वी जैस्वालच्या नावावर होता. ऋतुराज गायकवाड जखमी झाल्यावर चेन्नई सुपर किंग्जने एप्रिल २०२५मध्ये त्याला घेतले. वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध पहिल्याच डावात १५ चेंडूंत ३२ धावा, आणि ३ मे रोजी बंगळुरूत ४८ चेंडूंत ९४. त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यावरील भारताच्या १९ वर्षांखालील संघाचे नेतृत्व त्याच्याकडे होते. विरारहून दक्षिण मुंबईच्या मैदानांपर्यंतचा प्रवास म्हणजे पहाटेची लोकल आणि खांद्यावर किटबॅग. वसई-विरार पट्ट्यातील मुलांना मुंबईच्या क्रिकेटमध्ये शिरायचे तर प्रतिभेआधी या प्रवासाची परीक्षा द्यावी लागते. आयुषने ती लहानपणीच दिली.

हिंदी भाषक भारतात 'म्हात्रे' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो यांपैकी कोणीच नसतो. तो येतो भिकू म्हात्रे, म्हणजे रामगोपाल वर्मा यांच्या 'सत्या' (१९९८) या चित्रपटातील मुंबईचा गुंड. अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांनी लिहिलेले हे पात्र बिहारमधून आलेल्या मनोज बाजपेयी यांनी असे रंगवले की त्याच्यापुढे नायक फिका पडला. गुंडाला मराठी आडनाव देण्याची हिंदी चित्रपटांची खोड वादाचा विषय आहे, आणि आगरी-कोळी वाचकाला ती खटकली तर नवल नाही. तरी भिकू हा साच्यातला खलनायक नाही. घर, बायको, मित्र आणि चाळ असलेला तो माणूस आहे. या भूमिकेसाठी बाजपेयी यांना उत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.