मोती तलावाकाठची चार दिवसांची दुकानं

सन 1880. भाद्रपदातली तृतीया, गणपती उद्यावर आले आहेत. सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी तुम्ही उभे आहात. एक सर नुकतीच नरेंद्र डोंगराकडे सरकली आहे आणि पायाखाली लाल चिखल आहे. 1874 साली बांधलेला हा तलाव अजून नवाच म्हणायचा. काठाने गणपतीवर टांगायच्या माटवीच्या सामानाचे ढीग लागले आहेत: कवंडळं, आंब्याचे टाळे, तेरडा, कोवळ्या सुपाऱ्यांचे घोस. बायका पदर खोचून निवडताहेत, घासाघीस करताहेत.

गर्दीतून वाट काढत तुम्ही झावळ्यांच्या एका मांडवापाशी येता. चितारआळीतल्या एका घराने इथे चार दिवसांपुरतं दुकान थाटलं आहे. सण सरला की बांबू उपटले जातील आणि माल परत आळीत जाईल.

"येवा, बसा. हातात घेवन बघा," म्हातारा चितारी म्हणतो.

तुम्ही आधी पाट उचलता. गणपतीला बसवायचा, लाखेने तुकतुकीत झालेला, कडेने वेलबुट्टी काढलेला. शेजारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आहेत. आंब्याच्या देठापाशी पिवळ्यात हिरवा इतका अलगद मिसळला आहे की बोट लावून पाहावंसं वाटतं. मग वाळ्याचा पंखा. त्याच्या कडेला हिरव्या भुंगेऱ्यांचे पंख टाचले आहेत. तुम्ही वारा घेता तसे ते चमकतात, आणि दमट हवेत वाळ्याचा वास पसरतो. हे सगळं उद्यापासून कुणाच्या तरी घरात वापरलं जाणार आहे. पाटावर देव बसेल, फळं मुलांच्या भातुकलीत जातील.

चितारी आता एक रंगवलेली पेटी उघडतो. आत दशावतारी गंजिफा, खेळायची 120 गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. तुम्ही एक पान वाकवून पाहता. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले, खडूचा लेप देऊन घोटलेले, रंगवून झाल्यावर लाख चढवलेली.

"ह्यां एकट्याचा काम न्हय. घरातली सगळीच बसतत," तो सांगतो.

मांडवाच्या मागे चटईवर तिघे खेळायला बसले आहेत. खेळ तिघांचाच. दिवसा बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने उतरायचं, रात्री कृष्णाचा. पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दहाचं पान मोठं, उरलेल्या पाचांत एकाचं. कुठलं पान पडून गेलं हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. दिवेलागण होते. नवा डाव वाटला जातो, आणि तिघांपैकी एकजण कृष्ण उतरवतो.

उठताना तुमची नजर पलीकडच्या मणेऱ्याच्या दुकानावर जाते. बांगड्या-फण्यांच्या शेजारी परदेशी छापील पत्त्यांचा जोड ठेवला आहे. कागदी, चौकोनी, स्वस्त. एक पोरगा तोच विकत घेतो. पुढची शंभर वर्षं तुम्हाला त्या एका खरेदीत दिसतात.

आता तुम्ही 1970च्या दशकात आहात. तोच तलाव, समोर राजवाडा. दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून पानं रंगवताहेत, कुंचल्याचं टोक केसाएवढं. एव्हाना गंजिफा खेळणारी घरं उरलेली नाहीत, आणि करणारे हातही जवळजवळ संपले होते. पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराला ही विद्या येत होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः शिकले, मग इतरांना शिकवलं आणि वाड्यातच काम सुरू केलं. ज्या वाड्याने एकेकाळी चिताऱ्यांना आश्रय दिला, त्याच्या मालकांनीच चिताऱ्याचं शिष्यत्व पत्करलं. मराठी मुलखातल्या कलांच्या इतिहासात इतकी सुंदर गोष्ट क्वचितच सापडेल.

आणखी एक पाऊल, आणि तुम्ही आजच्या सावंतवाडीत आहात. 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं. पर्यटक पेटी घेतात, घरी नेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. त्या खरेदीवर कारागिराची चूल पेटते, म्हणून तिचं मोल आहेच. पण झावळ्यांच्या मांडवातल्या म्हाताऱ्याने ती पानं कपाटासाठी घोटली नव्हती. पान बोटांत सरकावं, पाण्याच्या थेंबाने बिघडू नये, म्हणून त्यावर लाख होती. छापील पत्त्यांनी चिताऱ्याचं गिऱ्हाईक नेलं त्याआधी त्याचे खेळाडू नेले. खेळणारा गेला की झिजलेली पानं बदलायला कुणी येत नाही, आणि कारागिराकडे पुन्हा येणारं गिऱ्हाईकच राहत नाही.

म्हणून सावंतवाडीला जाल तेव्हा गंजिफा घ्या, आणि तिथेच कुणाकडून तरी डावही शिकून घ्या. पाट घेतलात तर त्यावर जेवायला बसा. फळं मुलांच्या हातात द्या, टवके उडू देत. वस्तू झिजली की तुम्ही चितारआळीत पुन्हा जाल, आणि त्या दुसऱ्या फेरीवरच ही कला पुढच्या पिढीच्या हातात जाणार आहे.