सौम्य भयाची निवड: हॅलोविनची चित्रपुस्तके आणि बालवाचकाचा अधिकार

लहान मुलांच्या हाती भयाचे पुस्तक द्यावे की देऊ नये, हा प्रश्न बालसाहित्याइतकाच जुना आहे. द्यायचे तर कोणते द्यावे, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा. पहिला प्रश्न शिक्षणनीतीचा आहे, दुसरा समीक्षेचा. परंतु दुसऱ्याचे उत्तर बहुधा पहिल्याच्या परिभाषेत दिले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. अमेरिकेत दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात ग्रंथालयांच्या बालविभागांत भुते, चेटकिणी, सांगाडे आणि कोरलेले भोपळे यांची चित्रपुस्तके दर्शनी मांडली जातात. ३१ ऑक्टोबरला येणाऱ्या हॅलोविन या सणाच्या निमित्ताने वाचली जाणारी ही पुस्तके प्रामुख्याने शाळेच्या उंबरठ्यावरील वयाच्या मुलांसाठी असतात. ती निवडणाऱ्या प्रौढांची अपेक्षा सर्वसाधारणपणे एकच असते: पुस्तकाने थोडे घाबरवावे, फार घाबरवू नये. या अपेक्षेत भय हे औषधासारखे मात्रेने मोजण्याचे द्रव्य मानले गेले आहे. सौम्य भयकथेचा इतिहास पाहिला तर मात्र निराळेच काही दिसते. या पुस्तकांची सौम्यता भयाच्या मात्रेवर अवलंबून नसून, ते भय सुरू करण्याचा आणि संपवण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर अवलंबून आहे.

मात्रेच्या कल्पनेचे मूळ सतराव्या शतकाच्या अखेरीस सापडते. जॉन लॉकने १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात, नोकरचाकरांनी मुलांना सांगितलेल्या भुताखेतांच्या गोष्टींविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. कोवळ्या मनावर एकदा उमटलेला असा ठसा पुढे पुसता येत नाही आणि अंधार व भूत यांची जोडी आयुष्यभर सुटत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. येथे लॉकचे लक्ष्य नेमके काय होते हे पाहणे आवश्यक आहे. त्याच्यासमोर असलेले भूत हे कथेतील पात्र नव्हते. ते शिस्तीचे साधन होते. मूल झोपत नसेल, ऐकत नसेल, तर बोलावून आणायचा तो बागुलबुवा होता. बागुलबुवाला कथानक नसते, शेवट नसतो, आणि तो केव्हा येणार व केव्हा जाणार हे ठरवणे सर्वस्वी मोठ्यांच्या हाती असते. लॉकचा आक्षेप या व्यवस्थेला लागू पडतो. तो कथेला तितकाच लागू पडतो का, हा प्रश्न त्याने उपस्थित केला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सेरा ट्रिमरने ‘द गार्डियन ऑफ एज्युकेशन’ (१८०२–१८०६) या आपल्या नियतकालिकात मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे केली आणि परीकथांकडे संशयाने पाहिले. निवड म्हणजे वर्ज्य करणे, ही भूमिका त्यामुळे परीक्षणाच्या व्यवहारात रुजली.

या भूमिकेला सर्वांत मर्मग्राही उत्तर चार्ल्स लॅम याने दिले. ऑक्टोबर १८२१ मध्ये ‘लंडन मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चेटकिणी आणि रात्रीच्या भयांवरील निबंधात त्याने स्वतःच्या बालपणातील एका चित्राची हकीकत सांगितली आहे. बायबलच्या इतिहासावरील एका मोठ्या ग्रंथात, चेटकीण मृत सॅम्युएलला उठवते आहे असे चित्र होते. त्या चित्राने चौथ्या वर्षापासून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत त्याच्या रात्री व्यापल्या. हा पुरावा लॉकच्या बाजूचा वाटतो. परंतु लॅम लगेच दुसरे उदाहरण देतो. त्याच्या एका मित्राच्या मुलाला भूत, राक्षस, दुष्ट माणसे यांचा शब्दही कानी पडू नये अशा दक्षतेने वाढवले होते. तरीही त्या मुलाने स्वतःच्या मनातूनच भयांचे एक जग उभे केले. लॅमचा निष्कर्ष असा की पुस्तक, चित्र किंवा नोकरांच्या गोष्टी भय निर्माण करीत नाहीत. त्या फार तर त्याला दिशा देतात. ‘दिशा’ ही कल्पना मान्य केली की निवडीचा प्रश्नच पालटतो. भय आत येऊ द्यावे काय, हे विचारण्यात अर्थ उरत नाही, कारण ते आधीच आत आहे. त्याला कोणती दिशा मिळते, हे विचारावे लागते.

लॅमच्या या अंतर्दृष्टीला बालपुस्तकाचे रूप मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्यात एका सणाचा वाटा मोठा होता. हॅलोविन हा आरंभी मुलांचा सण नव्हता. रॉबर्ट बर्न्सच्या १७८५ च्या त्याच नावाच्या कवितेत दिसतो तो स्कॉटिश खेड्यातील तरुणतरुणींचा, भावी जोडीदाराचा शकुन पाहण्याचा उत्सव. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून मोठ्या संख्येने अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांनी या रात्रीच्या चालीरीती तेथे बळकट केल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सणाला घरगुती मेजवानीचे वळण लागले. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन या कागद-उत्पादक कंपनीने १९०९ मध्ये ‘बोगी बुक’ ही पुस्तिका काढली, ती क्रेप कागदाची सजावट आणि समारंभाचे खेळ शिकवण्यासाठी. कथा वाचण्यासाठी ती नव्हती. घरोघर जाऊन खाऊ मागण्याची प्रथा १९३० च्या दशकात पसरू लागली, महायुद्धकाळातील साखरेच्या नियंत्रणामुळे थबकली आणि युद्धानंतर देशभर रूढ झाली. या प्रथेने केलेला बदल साहित्यविचाराच्या दृष्टीने मूलगामी आहे. बागुलबुवाच्या व्यवस्थेत मूल घाबरणारे होते. या सणात ते मुखवटा चढवून घाबरवणारे झाले. शिवाय भयाला तिथी मिळाली. ज्याची तारीख ठरलेली आहे ते भय दुसऱ्या दिवशी संपणार, हे मुलालाही ठाऊक असते.

याच काळात निवड हा स्वतंत्र व्यवसाय होत होता. १९१९ मध्ये अमेरिकेत बालपुस्तक सप्ताह सुरू झाला, त्याच वर्षी मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने बालपुस्तकांचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि १९२४ मध्ये ‘द हॉर्न बुक’ हे बालसाहित्याला वाहिलेले नियतकालिक निघाले. या वातावरणात १९४४ साली रॉबर्ट ब्राइट यांचे ‘जॉर्जी’ प्रसिद्ध झाले. जॉर्जी हे न्यू इंग्लंडमधील एका घरात राहणारे लहानसे भूत. रोज रात्री ठरावीक वेळी ते जिन्याची पायरी करकरवते आणि दिवाणखान्याचे दार कुरकुरवते; त्यावरून घरमालक पतिपत्नींना झोपेची वेळ कळते, मांजराला भटकंतीची आणि घुबडाला जागे होण्याची. एके दिवशी घरमालक पायरीला खिळा ठोकतो, बिजागऱ्यांना तेल घालतो. घर निःशब्द होते, भूत बेघर होते आणि घराचे वेळापत्रक कोलमडते. हिवाळ्याने खिळा सैल केल्यावर आणि बिजागऱ्या गंजवल्यावर भूत परतते. ही कथा केवळ गोंडस भुताची म्हणून वाचली जाते, तेव्हा तिचा विचार निसटतो. दुरुस्ती करणारा घरमालक हा एका अर्थाने लॉकचा वारस आहे. भयाचा आवाज बंद केला की घर सुखी होते असे त्याला वाटते. कथा सांगते की तो नियमित, ओळखीचा आवाज हाच रात्रीच्या व्यवस्थेचा आधार होता.

तरीही मात्रेची भाषा मागे हटली नाही. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकाला १९६४ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. तरी १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी, पुस्तक प्रत्यक्ष न पाहता मातांनी केलेल्या वर्णनावरून, एका लोकप्रिय मासिकात त्यावर टीका केली. आईने मुलाला उपाशी झोपायला पाठवणे, हे त्यांना घातक वाटले. पुढे १९७६ मध्ये याच बेटलहाइम यांनी परीकथांतील क्रौर्याचे मनोविकासातील मोल सांगणारा ग्रंथ लिहिला, हा योगायोग बोलका आहे. वर्णनातून आशय कळतो. चित्रपुस्तकाचे रूप कळत नाही. सेंडॅक यांच्या पुस्तकात चित्रे पानागणिक वाढत जातात, शब्दांना हुसकावून तीन जोडपाने व्यापतात, नंतर आक्रसत जातात आणि शेवटच्या पानावर चित्रच उरत नाही. भय येथे कमी केलेले नाही. त्याला चढ आणि उतार दिलेला आहे, आणि तो उतार पान उलटणाऱ्या हातानेच गाठला जातो.

ऑक्टोबरच्या मांडणीत पुढे स्थिरावलेल्या अनेक कृती हेच तत्त्व अधिक स्पष्ट करतात. त्यांच्यात भय अखंड नसते. ते सुट्या भागांचे, मोजता येण्याजोगे असते. इंग्लंडमधील जॅनेट आणि ॲलन अह्लबर्ग यांच्या ‘फनीबोन्स’ (१९८०) मध्ये कुत्र्याचा सांगाडा कोसळून हाडांचा ढीग होतो आणि सोबती तो चुकीचा जोडतात. मृत्यूची प्रतिमा कोड्यात रूपांतरित होते. लिंडा विल्यम्स यांची कथा आणि मेगन लॉइड यांची चित्रे असलेल्या, कशालाही न भिणाऱ्या म्हातारीच्या पुस्तकात (१९८६) बूट, विजार, सदरा, हातमोजे, टोपी आणि भोपळ्याचे डोके एकेक करून, आपापल्या ठरलेल्या हालचालीनिशी तिच्यामागे लागतात. ऐकणारी मुले त्या हालचाली स्वतः करू शकतात, म्हणजे पाठलाग करणाऱ्याची भूमिका त्यांच्याकडे येते. अखेरीस म्हातारी त्या तुकड्यांना काम सुचवते आणि त्यांचे बुजगावणे होते. एड एम्बर्ली यांच्या ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ (१९९२) मध्ये पानांना पाडलेल्या छिद्रांतून राक्षसाचा चेहरा अवयवाअवयवाने घडतो आणि मध्यानंतर तसाच पुसला जातो. त्याच्या शेवटी राक्षसाला कायमचे हद्दपार केलेले नाही. पुन्हा बोलावल्याशिवाय येऊ नये, एवढेच त्याला बजावलेले आहे. बागुलबुवाला बोलावण्याचा जो अधिकार लॉकच्या काळी मोठ्यांकडे होता, तो येथे मुलाच्या हाती आला आहे.

या परंपरेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. भूत म्हणजे मृत व्यक्तीचे परत येणे. सौम्य पुस्तकांतील भुते मात्र कोणाचीच नसतात. जॉर्जी पूर्वी कोण होता, याविषयी कथा मौन पाळते. सणाची सजावट होताना मृत्यूचे स्मरण गळून पडले असेल, तर या पुस्तकांनी भय सुसह्य केले की रिकामे केले? आक्षेपात तथ्य आहे, पण तो सर्वांना सारखा लागू नाही. नव्याने वाचू लागलेल्या मुलांसाठी ॲल्विन श्वार्ट्झ यांनी केलेल्या १९८४ च्या संग्रहात, गळ्यातील हिरवी फीत सोडताच मस्तक निखळून पडणाऱ्या स्त्रीची कथा आहे. तेथे मृत्यू झाकलेला नाही. छोट्या वाक्यांनी आणि पुढे ढकलत नेलेल्या एकाच गुपिताने तो वाचकाच्या आवाक्यात आणला आहे. याच लेखकाच्या मोठ्या मुलांसाठीच्या १९८१ च्या भयकथासंग्रहाचे उदाहरण उलट्या दिशेने बोलके आहे. १९९० च्या दशकात अमेरिकन ग्रंथालयांतून सर्वाधिक आक्षेप ज्या पुस्तकांवर आले त्यांत ही मालिका अग्रभागी होती. २०११ मध्ये प्रकाशकाने कथा तशाच ठेवून स्टीफन गॅमेल यांची चित्रे बदलली. वाचकांनी नाराजी दर्शवली आणि २०१७ मध्ये मूळ चित्रे परत आली. मात्रा कमी केल्याने वाचक सुखावला नाही. आपण पेललेले भय काढून घेतल्याची त्याची तक्रार होती.

यावरून निवडीचा निकष वेगळ्या शब्दांत मांडावा लागतो. पुस्तकात चेटकीण आहे की नाही, सांगाडा हसतो की दात विचकतो, हे प्रश्न दुय्यम ठरतात. भयाचे भाग पाडले आहेत काय, त्यांचा क्रम मुलाला आधी ओळखता येतो काय, पान उलटण्याच्या क्रियेला कथेत अर्थ आहे काय, आणि शेवटी भयाला निरोप देण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ‘सौम्य’ हे विशेषण आशयाचे नसून रूपबंधाचे आहे, एवढे मान्य केले तर हंगामी म्हणून उपेक्षिलेल्या या पुस्तकांकडे समीक्षेला नव्याने पाहावे लागेल. ज्या मुलाला निरुपद्रवी भोपळाच दाखवला जातो, त्याचे रात्रीचे भय लॅमने सांगितल्याप्रमाणे कायमच राहते. फक्त त्याला दिशा देणारे कोणी उरत नाही.