हिरव्या बनातीवरची माणसे

इ. स. १८७५ चा पावसाळा. जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर पलटणीचे तरुण अधिकारी मेसमध्ये अडकून पडलेले. बाहेर चिखल, आत कंटाळा, आणि मध्ये बिलियर्डचे एक टेबल. त्या टेबलावर हे लोक पंधरा लाल चेंडूंचा एक पैजेचा खेळ खेळत असत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने त्यात आणखी रंगीत चेंडूंची भर घातली. एके दिवशी कोणाचा तरी सोपा नेम चुकला. इंग्लंडातल्या लष्करी शाळेत नव्याने भरती झालेल्या पोरांना 'स्नूकर' म्हणून हिणवीत, हे चेंबरलेनने नुकतेच ऐकलेले होते. तो शब्द त्याने त्या खेळाडूला फेकून मारला. मग विचार करून म्हणाला, की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. खेळाला नाव मिळाले. पुढे उटकमंडच्या क्लबात नियम टांगले गेले, आणि ज्याला जग आज विलायती समजते तो खेळ हिंदुस्थानच्या मातीत जन्माला आला.

वाचकांनी येथे एक घोटाळा टाळावा. म्युनिकला जाऊन हिटलरशी करार करणारा पंतप्रधान चेंबरलेन तो हा नव्हे. गंमत अशी, की आमच्या चेंबरलेनसाहेबांनी ऐंशी ओलांडल्यावर पत्र लिहून या खेळाचे पितृत्व जाहीरपणे सांगितले तेही १९३८ सालीच.

आमच्या जालन्यालाही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उठली. छावणी तेथे मेस आणि मेस तेथे बिलियर्डचे टेबल, असा त्या काळचा सर्वसाधारण रिवाज. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. वर हिरवी बनात, आणि बनातीखाली पाटीचा दगड. होय, ज्यावर आपण मुळाक्षरे गिरवली तोच! ज्या दगडावर गरिबाचे पोर 'ग म भ न' शिकले त्याच दगडावर साहेबाने चेंडू ढकलले, हे मला मास्तर म्हणून फार मौजेचे वाटते.

त्या टेबलाशी साहेबाखेरीज आणखी एक माणूस उभा असे. त्याला म्हणत मार्कर. गुण मांडायचे, चेंडू जागच्या जागी ठेवायचे, क्यू हाती द्यायचा, जोडीदार आला नाही तर साहेबाशी खेळायचे आणि नवख्या साहेबाला शिकवायचेही. सकाळपासून रात्रीपर्यंत टेबलापाशी असलेला हा माणूस पुष्कळदा क्लबातल्या सभासदांपेक्षा सरस खेळे. पण तो पगार घेई, म्हणून तो 'व्यावसायिक', आणि हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचे दार त्याला बंद. शिष्याने करंडक न्यावा आणि गुरूने टेबल पुसावे! साहेबाला किती वेळा जिंकू द्यावे, याचा हिशेब या मार्करांनी कसा ठेवला असेल, हा एका कादंबरीचा विषय आहे. असो.

विलायतेत मात्र पैशासाठी खेळणे उघड चाले, तरी तेथेही काही सोन्याचा धूर निघत नव्हता. १९२७ साली बर्मिंगहॅमला स्नूकरची पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा झाली. ज्यो डेव्हिस जिंकला आणि त्याच्या पदरी पडले साडेसहा पौंड. खरा मान तेव्हा बिलियर्डचा. स्नूकर म्हणजे जेवणानंतरचे पान. पण बिलियर्डला त्याच्या थोर खेळाडूंनीच मारले. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने १९३२ साली लंडनमध्ये एका पाळीत ४,१३७ गुण केले. सुमारे तीन तास तो एकटा खेळत होता आणि समोर खुर्चीत बसून प्रतिस्पर्धी पाहत होता. तो प्रतिस्पर्धी दुसरा कोणी नसून ज्यो डेव्हिसच! लिंड्रमला आवरण्यासाठी नियम बदलावे लागले. तिकीट काढून तीन चेंडूंचा तोच तो नाजूक खेळ तासन् तास कोण पाहणार? लोक स्नूकरकडे वळले. ज्यो डेव्हिस १९२७ पासून १९४६ पर्यंत पंधरा वेळा जगज्जेता झाला, एकदाही न हरता बाजूला झाला, आणि १९५५ साली त्याने १४७ गुणांची पहिली अधिकृत पाळी खेळली.

हा १४७ चा आकडा मी एकदा वर्गात फळ्यावर मांडला होता. प्रत्येक लाल चेंडूचा एक गुण, त्यामागून काळ्याचे सात. असे पंधरा वेळा, म्हणजे एकशे वीस. शेवटी सहा रंगीत चेंडू ओळीने, दोनापासून सातापर्यंत, त्यांचे सत्तावीस. पाढ्यांना कंटाळलेली पोरे त्या दिवशी फार मन लावून बेरीज करीत होती.

ज्यो डेव्हिस दूर होताच स्नूकरलाही ओहोटी लागली. १९५७ च्या जागतिक स्पर्धेला अवघे चार खेळाडू आले, आणि पुढे १९६४ पर्यंत ती भरलीच नाही. नेमक्या त्याच पडत्या काळात आपल्या पुण्याच्या माणसाने पराक्रम केला. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ चा, पुण्याचा, अँग्लो-इंडियन घरातला. १९५१ साली ते लंडनच्या जागतिक स्पर्धेला गेले, पण तेथे डाळ शिजली नाही. ते खेळत राहिले. डिसेंबर १९५८ मध्ये कलकत्त्याच्या ग्रेट ईस्टर्न हॉटेलात ते बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मिळाला. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी पुन्हा तेच केले. देशात बिलियर्डची अजिंक्यपदे बारा, स्नूकरची पाच. अर्जुन पुरस्कार, १९६५ ची पद्मश्री. रोख बक्षीस? हौशी जगज्जेत्याने तेव्हा पैसा घ्यावयाचा नसे. म्हणजे मार्कराला पगार होता आणि मान नव्हता. जोन्स यांना मान होता आणि खेळातून पगार नव्हता. पुढे त्यांनी शिकवण्याचे काम पत्करले. त्याबद्दलचा द्रोणाचार्य पुरस्कार आला १९९६ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. २००३ साली ते गेले.

मुंबईचे मायकेल फरेरा यांचा पिंड वेगळा. १९७८ साली त्यांनी एका पाळीत १,१४९ गुण केले; हजारापलीकडे जाणारे ते पहिले हौशी खेळाडू. तीनदा हौशी जगज्जेते झाले, आणि १९८१ साली आलेली पद्मश्री त्यांनी परत केली. क्रिकेटमधल्या गावसकरांना पद्मभूषण, मग आम्हांला पायरी खालची का, असा रोकडा सवाल! दोन वर्षांनी पद्मभूषण मिळाले. काहींना तो हट्ट वाटला. मला तो न्याय वाटतो. टेबलापाशी मुकाट्याने उभ्या राहिलेल्या माणसांच्या वतीने कोणीतरी हे म्हणायलाच हवे होते.

तिकडे विलायतेत खेळाला जीवदान दिले ते रंगीत दूरचित्रवाणीने. १९६९ साली बीबीसीला रंग दाखविण्यासाठी काहीतरी हवे होते, आणि स्नूकरच्या टेबलाइतके रंग आणखी कोठे सापडणार? पुष्कळांच्या घरी संच अजून काळे-पांढरेच. तेव्हा गुलाबी चेंडू हिरव्याशेजारी आहे, असे समालोचकाने त्यांना भाबडेपणाने समजावल्याची कथा प्रसिद्ध आहे. रे रिअर्डन हा पूर्वी कोळशाच्या खाणीतला मजूर. छत कोसळून तीन तास ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला, नंतर पोलिसात शिरलेला. तो सहा वेळा जगज्जेता झाला. १९७७ पासून शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात स्पर्धा भरू लागली. १९८५ चा अंतिम सामना १७-१७ वर येऊन शेवटच्या काळ्या चेंडूवर ठेपला, तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि एक कोटी पंचाऐंशी लाख लोक जागे होते. डेनिस टेलरने तो चेंडू टाकला. साडेसहा पौंडांचा खेळ आता लाखोंचा झाला.

आपल्याकडच्यांनाही त्या दौऱ्याची ओढ लागली. १९८४ साली ओम अगरवाल डब्लिनला हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले. गीत सेठी यांनी १९८९ साली जयपूरला १४७ ची पाळी साधली आणि १९९२ साली मुंबईत व्यावसायिक बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळविले. मुंबईचे यासिन मर्चंट व्यावसायिक स्नूकरच्या दौऱ्यावर जाऊन आले. मुंबईच्याच आदित्य मेहताने २०१३ साली दिल्लीच्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली. तेथे डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरविले, पण पुढच्या वर्षी त्याने व्यावसायिक सामन्यात १४७ करून दाखविले. घर सोडून विलायतेतल्या थंडीत राहायचे, हरले तर खर्च आपला, हा त्या दौऱ्याचा नियम. पुण्यात जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला पंकज अडवाणी २०१२ ते २०१४ तो दौरा करून परतला. बिलियर्ड आणि स्नूकर दोन्ही खेळत राहिला. २०२४ साली दोह्याला त्याने अठ्ठाविसावे जागतिक अजिंक्यपद जिंकले. पोटापाण्याला त्याची नोकरी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळातली.